जेरोमचे पुस्तक आणि निर्ग्रंथांची गुहा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा 'लिओनार्दो दा विंचीचे एक चित्र' एवढेच मी कळवले. 'डॉक्टरसाहेब, आपल्या मंडळींना हे जरा लांबचे होणार नाही ना?' असे त्यांनी विचारले. लांबचे आहे खरे. पण त्या चित्रात जो माणूस आहे तो साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या वाटेने हिंदुस्थानात आला, अकबराच्या दरबारात पोचला आणि विजापूरचे पाणी प्यालेल्या एका चित्रकाराच्या हाती लागला. शिवाय ज्या प्रश्नाने तो जन्मभर तळमळला, त्याच प्रश्नाशी वेरूळ, मळखेड आणि कुंथलगिरी या आपल्या जुन्या निजामी मुलखातल्या ठिकाणीही माणसे झुंजली आहेत. ज्याने सगळे सोडले त्याने पुस्तक ठेवावे की नाही, हा तो प्रश्न. साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर तो मांडायला हरकत नसावी.

चित्राची आणि माझी गाठ पडली ती कोठीतच. बी.एच.एम.एस.च्या पहिल्या वर्षाला होतो. शरीररचनेचे पुस्तक नवे घेणे परवडत नव्हते म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडत होतो. ग्रेचे पुस्तक मिळाले नाही. त्याऐवजी पुठ्ठा फाटलेले, युरोपातल्या चित्रांचे एक पुस्तक हाती आले. उघडले तर समोर एक उघडाबंब म्हातारा. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, हाडांवर कातडी ताणलेली. गुडघा टेकून बसलाय आणि उजवा हात लांब फेकून त्यात एक दगड धरलाय, आता तो छातीवर मारून घेणार. समोर एक सिंह, नुसत्या रेघांनी काढलेला. रंग बहुतेक नाहीतच, मातकट तपकिरी छायाच काय त्या.

माझी नजर मात्र मानेवर खिळली. कानामागच्या हाडापासून निघून तिरपा खाली येणारा स्नायू आम्ही त्याच आठवड्यात शिकलो होतो. खाली त्याची दोन टोके होतात, एक छातीच्या मधल्या हाडाला आणि दुसरे हंसळीच्या हाडाला चिकटते. स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड असे त्याचे लांबलचक नाव. त्या चित्रात ती दोन्ही टोके होती. मी पुस्तक घेतले आणि ग्रेसाठी ठेवलेले पैसे तिथेच संपवले. घरी वडील रागावले नाहीत, फक्त म्हणाले, 'हा कोणता मुनी?'

त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायला मला बरीच वर्षे लागली.

आधी चित्राविषयी. लिओनार्दोने ते १४८० च्या सुमारास सुरू केले आणि पुरे केलेच नाही. अक्रोडाच्या लाकडाची फळी, उंची सव्वातीन फुटांहून थोडी अधिक. आज ती रोममध्ये, व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात आहे. मानेची गंमत मला पुढे कळली. लिओनार्दोच्या सुरुवातीच्या रेखाटनांत हा स्नायू चुकीचा आहे, दुसरे टोक त्याला ठाऊक नव्हते. १५१० च्या आसपास त्याने पाव्हियात प्रेतांची चिरफाड करून पाहिली, त्यानंतरच्या रेखाटनांत ते बरोबर आले. म्हणून विंडसरच्या संग्रहातील त्याच्या रेखाटनांचे अभ्यासक मार्टिन क्लेटन यांचे मत असे, की तीस वर्षांनी लिओनार्दो या फळीकडे परत आला आणि त्याने मान दुरुस्त केली. तीस वर्षे एक चूक मनात बाळगून ती सुधारायला परत येणारा माणूस मला वैद्य म्हणून फार जवळचा वाटतो.

पुढे या फळीचे हाल झाले. तिचा डोक्याचा भाग कुणीतरी करवतीने कापून काढला, त्याच्या सांध्याच्या खुणा आजही दिसतात. नेपोलियनचा मामा कार्डिनल फेश याने खालची फळी रोममधल्या जुन्या सामानाच्या दुकानात पेटीचे झाकण म्हणून पाहिली आणि डोके पुढे एका चांभाराच्या दुकानात बसायच्या पाटाला लावलेले सापडले, अशी दंतकथा आहे. दंतकथा तशी घ्यावी, पण फेशच्या मृत्यूनंतर १८५६ मध्ये पोपने ती व्हॅटिकनसाठी विकत घेतली हे खरे.

आता चित्रातला माणूस. संत जेरोम. जन्म इसवी सन ३४७ च्या सुमारास, आड्रियाटिक समुद्राच्या वरच्या अंगाला स्ट्रिडोन नावाच्या गावी. रोममध्ये शिकला, लॅटिन साहित्यात बुडाला, सिसेरो त्याचे दैवत. पुढे वैराग्य आले आणि तो पूर्वेकडे निघाला, सीरियातल्या खाल्किस नावाच्या वाळवंटी भागात एकांतवासी होऊन राहिला. तिथल्या दिवसांचे वर्णन त्याने स्वतःच एका पत्रात केले आहे. विंचू आणि श्वापदे यांच्या सोबतीत राहतो, उपासाने शरीर थंडगार पडले आहे आणि मनात मात्र रोममधल्या नाचणाऱ्या मुलींची चित्रे, असे तो कबूल करतो. हे मन ताळ्यावर आणायला त्याने काय करावे? हिब्रू शिकायला घेतली. घशातून आणि दातांतून काढायची ती अक्षरे त्याला नको नको झाली, अनेकदा सोडून दिली, पुन्हा धरली. वासनेवर व्याकरणाचा उतारा देणारा दुसरा संत माझ्या पाहण्यात नाही.

त्याच पत्रात तो आणखी एक गोष्ट सांगतो, आणि माझ्या मते सबंध जेरोम तिच्यात आहे. घर सोडले, आईबाप सोडले, आणि त्याहून कठीण म्हणजे चांगल्या जेवणाची सवय सोडली, पण रोममध्ये मोठ्या कष्टाने जमवलेली पुस्तके काही सोडता आली नाहीत. ती बरोबर घेतली. उपास करायचा आणि सिसेरो वाचायचा, असे चालले. मग तापात स्वप्न पडले. न्यायासनासमोर उभे केले आहे. 'तू कोण?' 'ख्रिस्ती.' 'खोटे. तू सिसेरोचा.' आणि फटके. यापुढे ऐहिक ग्रंथ हाती धरणार नाही, अशी शपथ त्याने स्वप्नातच घेतली. पुढे अनेक वर्षांनी त्याचा जुना मित्र रुफिनस वैरी झाला आणि त्याने शपथ मोडल्याचे जाहीर टोमणे मारले. तेव्हा हा विद्वान संत तावातावाने उत्तरला, की स्वप्नातली शपथ कुणी बांधून घ्यायची असते का!

तो अखेर बेथलेहेमला स्थायिक झाला आणि बायबल लॅटिनमध्ये आणण्याचे काम त्याने तडीस नेले. हिब्रूवरून थेट केलेले हे भाषांतर पुढे पश्चिम युरोपचे बायबल झाले, 'वुल्गाता' म्हणतात ते. वाळवंटात मन मारण्यासाठी शिकलेली भाषा अशी कामाला आली. ४२० मध्ये तो वारला.

त्याच्यामागून हजार वर्षांनी इटलीतल्या चित्रकारांनी त्याला डोक्यावर घेतले. प्रबोधनकाळातल्या सुखवस्तू घरांत खाजगी भक्तीसाठी लहान चित्रे असत, त्यांत जेरोमला मोठी मागणी होती. त्याची दोन रूपे ठरून गेली. एक अरण्यातला, दगड घेऊन छाती बडवणारा. दुसरा अभ्यासिकेतला, मेजावर वाकून लिहिणारा. जर्मन चित्रकार ड्यूररचे १५१४ मधले ताम्रपटावरचे कोरीव चित्र दुसऱ्या प्रकारचे. त्यात खिडकीतून ऊन येते आणि सिंह मांजरासारखा सुस्तावून पडला आहे. सिंह मुळात दुसऱ्याच संताचा. यार्देन नदीकाठच्या गेरासिमसने सिंहाच्या पायातला काटा काढला होता, नावातल्या सारखेपणामुळे तो जेरोमला चिकटला. लाल टोपीही अशीच. तो कधी कार्डिनल नव्हता, तरी चित्रकारांनी ती त्याला बहाल केली.

मला सर्वांत बोलकी वाटतात ती व्हेनिसच्या जोवान्नी बेल्लिनीची चित्रे. त्याने हा विषय पुन्हा पुन्हा रंगवला, एकावर १५०५ साल आहे. त्यात म्हातारा अरण्यातच आहे, गुहेच्या तोंडाशी उघड्या खडकावर, अंगावर जेमतेम वस्त्र. पण तो छाती बडवत नाही, वाचतो आहे. मांडीवरच्या पुस्तकात तो इतका गढलाय की मागचे डोंगर आणि गाव त्याच्या गावीही नाहीत. अरण्य आणि अभ्यासिका ही दोन्ही रूपे बेल्लिनीने एका चौकटीत आणली. सगळे गेले, पुस्तक उरले. लिओनार्दोच्या अपुऱ्या फळीवर पुस्तक आढळत नाही, आणि म्हणूनच की काय, तो जेरोम इतका दीन दिसतो.

आता आपल्याकडे येऊ. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज तरुण जेसुइट गोव्यात उतरला. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स ते हेच. बायबलमधली कथा मराठी ओवीत घालून १६१६ मध्ये त्यांनी ती छापली. परक्या भाषेची अक्षरे घोटून घोटून आपलीशी करणे हा जेरोमचाच वारसा, आणि त्याचा लाभ आपल्या मराठीला झाला. याच जहाजांच्या वाटेने युरोपातली छापील चित्रेही येत होती. स्टीफन्स आल्यावर महिना व्हायच्या आत, १७ नोव्हेंबरला, रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेराते आणि फ्रान्सिस हेन्रिकेस हे तिघे जेसुइट गोव्याहून अकबराच्या बोलावण्यावरून निघाले. फेब्रुवारी १५८० अखेर ते फत्तेपूर शिक्रीला पोचले. भेटीदाखल त्यांनी अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यात छापलेले बहुभाषी बायबल नेले होते. हिब्रू, ग्रीक आणि इतर पाठांच्या शेजारी त्यात जेरोमचे लॅटिन भाषांतर छापले आहे. म्हणजे चित्राच्या आधी पुस्तकच दरबारात गेले. अकबराने पागोटे उतरवून त्या जाड खंडांचे चुंबन घेतले आणि ते मस्तकी लावले, असे मोन्सेराते लिहितो.

त्या बायबलच्या मुखपृष्ठावरच्या कोरीव चित्रात सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकाच गव्हाणीपाशी आहेत. आमच्या मंदिरांच्या भिंतींवर सिंह आणि गाय एकाच पात्रातून पाणी पितात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना या चित्राची ओळख करून द्यावी लागणार नाही.

दरबारी चित्रकारांनी या छापील चित्रांवर झडप घातली. केसूदास नावाचा हिंदू चित्रकार त्यांत पुढे होता. त्याने काढलेला जेरोम आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. बसल्याजागी डोळा लागलेला उघडा म्हातारा. शरीराची ठेवण मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या नोआची, कोरीव चित्रांतून फिरत फिरत फत्तेपूरला आलेली. केसूदासाला हा कोण वाटला असेल? बैरागी, जोगी, फकीर यांना तो रोज पाहत असणार. त्या ओळखीच्या माणसातच त्याने हा परका बसवला.

याच दरबारात दोन-तीन वर्षांनी एक दुसरा विरक्त आला आणि त्याची गोष्ट मला जेरोमच्या शेजारी ठेवून वाचावीशी वाटते. आचार्य हीरविजयसूरी, श्वेतांबर तपागच्छाचे प्रमुख. बादशहाचे बोलावणे गेले, वाहनाची सोय झाली. ती नाकारून ते गुजरातेतून पायी चालत आले. १५८३ च्या सुमाराची ही हकीकत. त्यांच्या चरित्रकाव्यांत असे आहे, की अकबराने देऊ केलेले काहीच त्यांनी घेतले नाही. तेव्हा बादशहाने पुस्तके पुढे केली. पद्मसुंदर नावाचे एक जैन पंडित दरबारात होते, त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा ग्रंथसंग्रह बादशहाकडे राहिला होता. सोने नको, जमीन नको, पण ग्रंथ तर साधूने घ्यायला हवेत, असा अकबराचा विचार. हीरविजयांनी तेही नाकारले. गरजेपुरते ग्रंथ आहेत, अधिक ठेवले तर ती मालमत्ता झाली. पुष्कळ आग्रह झाला तेव्हा त्यांनी एवढेच केले, की सगळा संग्रह आग्र्याच्या भांडारात ठेवायला लावला आणि त्याला नाव दिले अकबराचे.

जेरोमला जे सोडता आले नाही ते यांना घेववले नाही.

आमच्या परंपरेत साधूचे जुने नाव 'निर्ग्रंथ'. पाली ग्रंथांत महावीर 'निगंठ नातपुत्त' आहेत आणि अशोकाच्या सातव्या स्तंभलेखातही निगंठ येतात. ग्रंथ म्हणजे गाठ. ज्याच्या आत रागद्वेषाची आणि बाहेर वस्तूंची गाठ उरली नाही तो निर्ग्रंथ. पण पाने दोऱ्याने ओवून बांधतात म्हणून पुस्तकालाही ग्रंथच म्हणतात. शब्दाचा हा योगायोग आपल्या पूर्वजांनी गमतीवारी नेलेला नाही. बृहत्कल्पभाष्यासारख्या आचारग्रंथांत साधूने पुस्तक बाळगण्याला दोष मानला आहे. पुस्तक जितक्या वेळा सोडाल, जितक्या वेळा बांधाल, जितकी अक्षरे लिहाल, तितकी प्रायश्चित्ते. कारण पानांमध्ये बारीक जीव चिरडतात, ओझे वाढते, आणि ओझ्याबरोबर 'माझे' हा शब्द येतो. आगम होते ते मुखोद्गत, गुरूकडून शिष्याच्या कानात.

मग दुष्काळ पडले, पाठांतर करणारे साधू मरू लागले. श्वेतांबर परंपरेत वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम लिहून घेतले, ते इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्याला, म्हणजे जेरोम वारल्यावर तीस-पस्तीस वर्षांनी. आम्हा दिगंबरांची आठवण त्याहून जुनी आहे आणि ती गुहेतच घडते. गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेन नावाचे वृद्ध आचार्य राहत होते. अंगांच्या ज्ञानाचा काही अंश फक्त त्यांना मुखपाठ होता. आपल्यामागे तो बुडेल अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी दक्षिणेतल्या आचार्यांच्या संमेलनाला लेख पाठवला आणि तिथून दोन तरुण मुनी त्यांच्याकडे आले. 'धवला' टीकेत वीरसेन सांगतात, की हे दोघे आंध्र देशातल्या वेण्णा नदीच्या काठून पाठवले गेले. आंध्र देशातून गुजरातेत ज्ञान आणायला गेलेली ही दोन मुले मला फार लोभस वाटतात. आपल्या हैदराबादेतून पुण्या-मुंबईकडे शिकायला गेलेल्यांची आठवण होते म्हणा ना! धरसेनांनी परीक्षा घेतली, शिकवले, आणि शिकवून संपताच त्यांना निघून जायला सांगितले. गुरूच्या मरणाचे दुःख त्यांना पाहावे लागू नये, असा त्याचा एक अर्थ लावतात. त्या दोघांनी, पुष्पदंत आणि भूतबली यांनी, ऐकलेले सूत्रबद्ध करून लिहिले. तो 'षट्खंडागम'. तो पुरा झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमी, आमची श्रुतपंचमी. त्या दिवशी शास्त्रे बाहेर काढतात, पुसतात, नवे वेष्टन घालतात, पूजा करतात.

तेव्हापासून दिगंबर मुनीला तीन वस्तूंची मुभा आहे. मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. अंगावर सूत नाही, पण शास्त्र चालते, आणि तेही उपकरण म्हणून. वाचून झाले की श्रावकाच्या हाती देऊन पुढे जायचे.

या पार्श्वभूमीवर आपण वेरूळला जाऊ. तुमच्यापैकी बहुतेकांनी कैलास पाहिले असेल. तिथून उत्तरेला जैन लेणी, ३० ते ३४, बरेच पर्यटक तिथवर पोचत नाहीत. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, गाभाऱ्याच्या आजूबाजूला पार्श्वनाथ आणि बाहुबली समोरासमोर कोरले आहेत. आमचा गुहेतला तपस्वी तो हा. भावाशी युद्ध जिंकून, जिंकलेले सगळे त्यालाच परत देऊन बाहुबली उभा राहिला, तो वर्षभर. पायांवरून वेली चढल्या, मांड्यांना आणि दंडांना वेढे देत खांद्यापर्यंत गेल्या. जवळ साप, हरणे. दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया आहेत. अनेक जण त्यांना बहिणी मानतात, ब्राह्मी आणि सुंदरी. जिनसेनांच्या 'आदिपुराणा'त मात्र वेली सोडवायला विद्याधरी येतात.

लिओनार्दोचा जेरोम पाहून मी पुढे जेव्हा वेरूळला उभा राहिलो तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती स्नायूंची. बाहुबलीच्या मानेत स्नायू नाही. फासळ्या दिसत नाहीत, पोट खपाटीला गेलेले नाही. वर्षभर उपाशी उभ्या माणसाचे शरीर असे असत नाही, डॉक्टरची साक्ष काढायची तर ती जेरोमच्या बाजूने पडेल. इटालियन चित्रकाराला ते शरीर अजून छळते आहे असे दाखवायचे होते. वेरूळच्या कारागिराने ते ज्याला आता छळत नाही असा माणूस कोरला, आणि काळाचा सगळा हिशेब त्या वेलीवर टाकला. जवळ पुस्तक तर नाहीच. पण कथा सांगते, की एवढे करूनही त्याच्या मनात एक शल्य उरले होते. भावाला माझ्यामुळे दुःख झाले, हे ते शल्य. (ज्या जमिनीवर उभा आहे ती भरताची, असेही लोक सांगतात.) भरत येऊन पूजा करतो तेव्हा ते जाते आणि केवलज्ञान होते. सगळे सोडलेल्याकडेही एक गाठ असू शकते, हे आमच्या पुराणकाराला ठाऊक होते.

तो पुराणकारही आपल्या मुलखातला. जिनसेन हे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू, आणि अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे मळखेड. मुंबईची गाडी धरून वाडीकडे जाताना मळखेड रोड नावाचे स्टेशन लागते, बहुधा आपण चहा पीत ते मागे टाकतो. वीरसेनांनी अर्धवट सोडलेली 'जयधवला' टीका शिष्य जिनसेनांनी ८३७ मध्ये पुरी केली. मग 'आदिपुराण' हाती घेतले आणि बेचाळीस पर्वे व त्रेचाळिसाव्याचे तीन श्लोक झाल्यावर लेखणी थांबली. पुढचे शिष्य गुणभद्रांनी लिहिले. निर्ग्रंथ म्हणवणाऱ्यांची ही तीन पिढ्यांची ग्रंथनिष्ठा! एकाचे अपुरे दुसऱ्याने घ्यायचे.

आणि जेरोमची आठवण अकबराच्या दरबाराहूनही आपल्या अधिक जवळ आली आहे. फारुख बेग नावाचा इराणी वळणाचा चित्रकार अकबराकडून निघून काही वर्षे विजापुरात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या पदरी होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १६०९ मध्ये जहांगीराने त्याला दोन हजार रुपये दिल्याची नोंद आहे. १६१५ मध्ये, आपल्या सत्तराव्या वर्षी, त्याने झाडाखाली खुर्चीत वाकून बसलेला एक वृद्ध रंगवला. मूळ चित्र मार्टेन द व्होस याचे, राफाएल साडेलरने कोरून छापलेले, 'दोलोर' म्हणजे दुःख नावाचे. फारुख बेगचे हे चित्र आज दोहाच्या संग्रहालयात आहे. कुणी त्याला सूफी म्हणतात, कुणी जेरोम. स्वतःचे वय चित्रावर लिहिणारा चित्रकार तो म्हातारा कोण म्हणून रंगवत होता, ते मला चित्राकडे पाहिले की पुरेसे कळते.

ग्रंथाची गाठ पुढे आमच्या लोकांनी इतकी घट्ट मारली की सुटेना. षट्खंडागमाच्या ताडपत्री प्रती दक्षिणेत मूडबिद्रीच्या बसदीत उरल्या आणि शतकानुशतके यात्रेकरूंना त्यांचे फक्त दर्शन मिळत असे. वाचायचे नाही, हात जोडायचे. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला सुरू झाल्या, त्याही बाहेर न्यायची मनाई. नकलाकार गजपती शास्त्री यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने घरी गुपचूप दुसरी प्रत केली आणि ती बाहेर गेली. तिच्यावरून निघालेल्या प्रती पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांच्यापर्यंत पोचल्या आणि १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. वीस वर्षांत सोळा खंड झाले. लक्ष्मीबाईंनी केली ती चोरी म्हणायची काय? मी तरी म्हणणार नाही. धरसेनांनी त्या दोन मुलांना शिकवले ते बसदीत कुलूप लावून ठेवण्यासाठी नव्हे.

आचार्य शांतिसागर महाराज बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांचा काही भाग कसर लागून गेला हे ऐकून ते व्यथित झाले आणि त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धान्तग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरले गेले. ते पत्रे फलटणला आहेत. अंगावर धागा नसलेल्या माणसाने ग्रंथासाठी तांबे मागावे! पुढे महाराजांची दृष्टी गेली. चालताना पायाखालचा जीव दिसेना, आहारात पडलेले दिसेना, तेव्हा अहिंसेचे व्रत पाळणे शक्य नाही म्हणून त्यांनी सल्लेखना घेतली. जागा कुंथलगिरी, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, त्या वेळी हैदराबाद राज्यात. १४ ऑगस्ट १९५५ पासून छत्तीस दिवस. १८ सप्टेंबरला देह ठेवला.

माझे वडील इथून मिळेल त्या मोटारीने तिथे गेले होते. माझा जन्म व्हायचा होता. ते सांगत, की गर्दीत फार लांबून दिसले, पण आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

जेरोमचेही डोळे अखेरीस गेले. बेथलेहेमला यहेज्केलवर टीका लिहीत असताना तो एके ठिकाणी तक्रार करतो, की रात्री दिव्याच्या उजेडात हिब्रू अक्षरे वाचवत नाहीत, ती इतकी बारीक, आणि दिवसाउजेडीही आता धूसर दिसतात. ग्रीक टीका मठातले बंधू त्याला वाचून दाखवत. हे कुणी चित्रकाराने रंगवल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि मला पाहायचे असेल तर तेच चित्र पाहायचे आहे.

वडिलांना काचबिंदू होता. शेवटची चार वर्षे मी दवाखाना बंद करून रात्री घरी आलो की त्यांना 'आदिपुराण' वाचून दाखवत असे. माझे संस्कृत कच्चे, उच्चार त्याहून कच्चे. चुकलो की ते डोळे मिटूनच शब्द दुरुस्त करायचे, त्यांचे बरेच पाठ होते. त्यांची एक अलमारी भरून पुस्तके, मराठी, हिंदी, थोडी उर्दू. एकदा म्हणाले, 'ही देऊन टाक आता. ओझे झाले. आदिपुराण तेवढे राहू दे.' मी हो म्हटले आणि दिली नाहीत. पुन्हा त्यांनी विचारले तेव्हा, देतो, यादी करतोय, असे सांगितले. यादी खरोखरच करत होतो. ती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

ती आता झाली आहे. एकूण ६१२ नग, त्यांत लिओनार्दोचे ते पुठ्ठा फाटलेले पुस्तक मी धरलेले नाही. यादीची एक प्रत आज चिटणीसांकडे दिली आहे. ज्यांना जे हवे असेल त्यांनी येत्या श्रुतपंचमीच्या आत सांगावे. संध्याकाळी सात ते नऊ मी दवाखान्यात असतो.